पूल, सुरुंग आणि ‘रुटहोफ’

जहाज बुडाल्याची गोष्ट निघाली की कोकणातल्या माणसाला आधी ‘रामदास’ आठवते. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचा सण, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली बोट, खवळलेला समुद्र आणि बुडालेली सहाशेहून अधिक माणसं. जलसमाधी म्हटली की आपल्या मनात समुद्र, वादळ आणि खडक हे तीन आरोपी ठरलेलेच असतात.

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला यांतला एकही आरोपी लागू पडत नाही. हे बव्हेरियातलं डॅन्यूबकाठचं जुनं गाव. इथून नदीच्या पाण्यानं समुद्र गाठायचा तर सुमारे २,३८० किलोमीटर जावं लागतं, तेव्हा कुठे काळा समुद्र दिसतो. इथं भरती नाही, चक्रीवादळ नाही. तरी या गावाच्या घाटाला एक बुडून वर आलेली बोट बांधून ठेवली आहे आणि तिच्या पोटात गावानं नौकानयनाचं संग्रहालय मांडलं आहे. ती बोट कशी बुडाली हे सांगायचं तर आठशे वर्षं मागे जावं लागतं, कारण रेगेन्सबर्गच्या नावाड्यांचा पहिला शत्रू त्यांच्याच गावानं, स्वतःच्या पैशानं बांधला होता. नदीत बोट बुडते तेव्हा आभाळाकडे बघून उपयोग नसतो. काठावर कोण उभं आहे ते बघावं लागतं.

११३५ सालचा उन्हाळा कोरडा गेला. डॅन्यूबचं पाणी उतरलं आणि रेगेन्सबर्गकरांनी ती संधी साधून नदीत पुलाचे खांब उभारायला घेतले. अकरा वर्षांत, ११४६ मध्ये, सोळा कमानींचा, तीनशे मीटरहून लांब दगडी पूल तयार झाला. दुसऱ्याच वर्षी राजा तिसरा कोनराड याच गावातून दुसऱ्या धर्मयुद्धाला निघाला. पुढची जवळजवळ आठशे वर्षं गावात डॅन्यूब ओलांडायला हा एकच पूल होता. मीठ, कापड, घोडे, सैन्य, सगळं यावरून जायचं आणि गाव श्रीमंत व्हायचं. असं अचाट बांधकाम माणसाच्या हातून कसं होईल, म्हणून लोकांनी त्याला सैतानाची गोष्टही जोडून दिली. पूल बांधायला सैतानानं मदत केली आणि मोबदल्यात पुलावरून जाणारे पहिले जीव मागितले. बांधणाऱ्यानं माणसांऐवजी कोंबडा, कोंबडी आणि कुत्रा पुढे हाकलला. सैतान फसला म्हणून गाव खूश.

नावाडी मात्र खूश नसावेत. पुलाचा प्रत्येक खांब प्रवाहात टिकावा म्हणून त्याच्याभोवती लाकडी मेढी ठोकून, दगड भरून एकेक कृत्रिम बेट केलेलं होतं. पाण्यानं पाया खरवडू नये हा हेतू. पण दुरुस्तीत भर पडत ही बेटं फुगत गेली आणि नदीला वाहायला जेमतेम एक तृतीयांश रुंदी उरली. एवढ्या मोठ्या नदीला अशा चिंचोळ्या कमानींतून जायला लावलं की काय होतं? पुलाच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून चढतं, खालच्या अंगाला धाडकन उतरतं, आणि खांबामागे भोवरे फिरत राहतात. इथल्या भोवऱ्याला ‘श्ट्रूडल’ म्हणतात. पुलाखाली तो आजही पाहायला मिळतो आणि प्रवासी वरून त्याचे फोटो काढतात.

खांबांमधल्या जोरदार धारेवर गावानं गिरण्यांची चाकं बसवली. म्हणजे नावाड्याला जी धार जीवघेणी, ती गिरणीवाल्याची कमाई. पुलाचा जकातीचा फायदा गावाला, धारेचा फायदा गिरणीला आणि धोका तेवढा बोटीला, अशी ही वाटणी होती. बेटं कापून नदीला मोकळं करायचं काम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांबलं यात मला काही नवल वाटत नाही. ज्याचं नुकसान होतं तो नावाडी परगावचा, दोन दिवसांनी पुढे निघून जाणारा. ज्याचा फायदा होतो तो नगरसभेत बसलेला.

वरून येणाऱ्या बोटींचं काम अधिक अवघड होतं. उल्महून निघणाऱ्या सपाट तळाच्या, कच्च्या फळ्यांच्या बोटी प्रवाहाबरोबर खाली यायच्या आणि व्हिएन्नाला किंवा त्याही पुढे पोचल्या की मोडून लाकूड म्हणून विकल्या जायच्या. परतीचा प्रवास त्यांच्या नशिबी नव्हताच. अठराव्या शतकात हंगेरीत जमीन मिळणार म्हणून हजारो जर्मन शेतकरी कुटुंबं असल्याच बोटींतून बायकापोरं, पेट्या आणि अवजारं घेऊन गेली. अशा बोटीला शिडाचा आधार नाही, मागे फिरायची सोय नाही. धारेच्या ओढीत कमान धरायची ती एकदाच. वल्हं मारणाऱ्याचा अंदाज हातभर चुकला की समोर दगड.

उलट्या दिशेनं, प्रवाहाविरुद्ध, बोटी घोडे ओढायचे. रेगेन्सबर्गला मीठ यायचं ते असंच, पासाउकडून, काठाकाठानं. पुलालगत १६१६ ते १६२० या काळात बांधलेलं मिठाचं कोठार आजही उभं आहे. त्याच्या उंच छपराकडे पाहिलं की किती मीठ येत असेल याची कल्पना येते. एका ताफ्याला घोड्यांची लांब रांग, प्रत्येक घोड्यावर स्वार आणि मागे जाड दोरखंड. बोट धारेत फिरली की दोर घोड्यांनाच नदीत खेचायचा. म्हणून कुऱ्हाड घेतलेला माणूस तयार ठेवावा लागे. वेळ आली तर दोर तोडायचा. क्षणभर उशीर झाला तर घोडा आणि स्वार दोघंही पाण्यात, आणि वेळेआधी तोडला तर मालाची बोट वाहत पुलाकडे. हा निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव कुठल्याही हिशेबवहीत नसतं. नदी आपला वाटा घेतेच, तेव्हा बुडणाऱ्याला ओढून काढू नये, असा समजही या नावाड्यांमध्ये होता असं सांगतात. पोहता न येणाऱ्या माणसांच्या धंद्यात असा समज का रुजला असेल हे उघड आहे: वाचवायला उतरणारा दुसरा जीवही जायचा.

राजेमहाराजेही याच पाण्यानं गेले. मे ११८९ मध्ये सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा तिसऱ्या धर्मयुद्धासाठी रेगेन्सबर्गहून निघाला. सैन्य काठानं, सम्राट बोटीतून. डॅन्यूबवरचा प्रवास त्याला सुखरूप पार पडला, आणि १० जून ११९० रोजी आशिया मायनरमधल्या सालेफ नावाच्या छोट्या नदीत तो बुडून मेला. योहानेस केप्लरचं उलटं झालं. १६२६ च्या हिवाळ्यात तो लिन्झहून सहकुटुंब नदीनं वर निघाला होता; सोबत आपल्या ग्रहगणिताच्या कोष्टकांच्या छपाईचं सामान. डॅन्यूब गोठू लागली. बायकोमुलांना रेगेन्सबर्गला ठेवून, सामान गाडीवर चढवून तो उल्मला गेला आणि तिथं ‘रुडॉल्फी कोष्टकं’ छापली. नदीनं त्याला अडवलं, बुडवलं नाही. पुढे १६३० मध्ये तो रेगेन्सबर्गलाच तापानं वारला.

बर्फानं पुलालाही सोडलं नाही. १७८४ च्या हिमपुरात नदीतून आलेल्या बर्फाच्या लाद्यांनी पुलाचा मधला बुरूज इतका खिळखिळा केला की तो पाडावा लागला. पूल मात्र टिकला.

वाफेचं युग आलं. १८३७ मध्ये रेगेन्सबर्गमध्ये ‘लुडविग पहिला’ ही आगबोट बांधली गेली. पुलाच्या कमानी बुटक्या, म्हणून पुलाखालून जाणाऱ्या आगबोटींना धुराडी आडवी करावी लागत. धार इतकी जोराची की पुढे विसाव्या शतकात पुलाशी विजेवर चालणारी ओढयंत्रणाच बसवली, बोटींना कमानीतून वर खेचायला. मोठी बंदरं साहजिकच पुलाच्या खालच्या अंगाला गेली. १९१३ मध्ये बायरिशर लॉइड ही नौकानयन कंपनी रेगेन्सबर्गला स्थापन झाली. तिचं लक्ष रुमानियाच्या धान्यावर आणि त्याहून जास्त तिथल्या तेलावर होतं. जर्मनीकडे तेल नाही, रुमानियात ते आहे, आणि दोघांमध्ये डॅन्यूब आहे. पुढच्या तीस वर्षांचं गणित या एका वाक्यात आलं.

या गणितातला एक आकडा म्हणजे ‘रुटहोफ’ ही बोट. क्रिस्टोफ रुटहोफ हे बोटी बांधणाऱ्या कारखान्याचं नाव. मूळ कारखाना मेन्झजवळ, शाखा रेगेन्सबर्गला. त्याच शाखेत १९२२-२३ मध्ये ही टगबोट तयार झाली. साठेक मीटर लांब, दोन्ही बगलांना मोठी चाकं, मधोमध बॉयलर आणि वाफेचं इंजिन. स्वतः माल वाहायचा नाही, मागे बांधलेले पडाव ओढायचे, हे तिचं काम. डॅन्यूबच्या या पडावांवर सुकाण्याचं बिऱ्हाडच असायचं: मागच्या खोलीत चूल, बायको, मुलं, दोरीवर वाळत घातलेले कपडे. टगबोट पुढे, आणि तिच्यामागे दोराला बांधलेले असे संसार.

दुसऱ्या महायुद्धात ही वाहतूक जर्मनीची नस झाली. रुमानियातल्या प्लोयेश्तच्या विहिरींचं तेल नळानं जुर्जू बंदरावर यायचं, तिथून टाकीचे पडाव नदीनं वर, रेगेन्सबर्गपर्यंत. दोस्तांची विमानं तेलविहिरींवर, रेल्वेवर बाँब टाकत होतीच. रेगेन्सबर्गच्या मेसरश्मिट विमान कारखान्यावर १७ ऑगस्ट १९४३ ला मोठा हल्ला झाला. पण चालत्या पडावावर वरून बाँब मारणं अवघड. मग ब्रिटिशांनी वेगळा विचार केला: नदीच विषारी करायची.

८ एप्रिल १९४४ च्या रात्री इटलीतल्या फोज्जा परिसरातून ब्रिटिश हवाई दलाच्या २०५ ग्रुपची वेलिंग्टन आणि लिबरेटर विमानं उडाली आणि बेलग्रेडजवळ डॅन्यूबमध्ये ४० सुरुंग टाकून परत गेली. चांदण्या रात्री निवडायच्या, नदीच्या चकाकत्या पट्ट्यावरून पाण्याला जवळजवळ लागून उडायचं आणि सुरुंग सोडायचे, अशी रीत. ऑक्टोबरपर्यंत १८ रात्री हा उद्योग चालला आणि एकूण १,३८२ सुरुंग पात्रात पडले. या मोहिमेत दक्षिण आफ्रिकेचे वैमानिकही होते. त्यांतलेही कित्येक परतले नाहीत. तोफा काठावर होत्या आणि विमान उंचीवर नव्हतं.

नदीत सुरुंग समुद्रापेक्षा जास्त घातक का, हे समजून घ्यायला हवं. समुद्रात जहाज वळसा घालू शकतं. डॅन्यूबमध्ये खोल पाण्याची वाट चिंचोळी असते. येणारीजाणारी प्रत्येक बोट त्याच रेषेवरून जाते. सुरुंग तळाशी गाळात बसतो, पाण्यावर त्याची काही खूण नसते. बोटीच्या लोखंडानं पृथ्वीचं चुंबकक्षेत्र किंचित हललं की तो फुटतो. आणि ताफ्यात सगळ्यात पुढे कोण? टगबोट. सगळ्यात जास्त लोखंड तिचंच, बॉयलरही तिच्याच पोटात. जर्मनांनी पोटाखाली भलंमोठं कडं बांधलेली युंकर्स विमानं नदीवरून खाली उडवून सुरुंग फोडायचा प्रयत्न केला. काही फुटले, पण सगळे नाही. काही महिन्यांत डॅन्यूबवरची वाहतूक निम्म्याच्या खाली आली.

त्याच वर्षी ‘रुटहोफ’ हंगेरीत, बुडापेस्टच्या दक्षिणेला एर्ची गावापाशी सुरुंगावर गेली आणि बुडाली. वादळ नव्हतं, खडक नव्हता, तांडेलाची चूकही नव्हती. तेवीस वर्षं नदी ओळखणारा माणूस सुकाणूवर असता तरी त्याला तळाचा सुरुंग दिसला नसता. ज्यांनी तो टाकला त्यांच्याकडे कारण होतं आणि ते कारण खोटं नव्हतं: त्या तेलावर हिटलरची विमानं उडत होती. युद्धशास्त्राच्या पुस्तकांत ही मोहीम थोड्या खर्चात मोठा परिणाम साधणारी म्हणून वाखाणली जाते. मला ती वाखाणणी मान्य आहे. फक्त सुरुंगाला टाकीचा पडाव आणि बिऱ्हाडाचा पडाव यांत फरक कळत नाही, एवढं त्या पानावर लिहिलेलं असावं.

बुडवण्याची सगळ्यात मोठी कामगिरी मात्र शत्रूनं केली नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये लाल सैन्य बाल्कनमध्ये घुसलं. काळ्या समुद्रातला जर्मन ताफा डॅन्यूबनं वर पळू लागला आणि सर्बियातल्या प्राहोवोपाशी कोंडला गेला. रिअर ॲडमिरल पॉल-विली त्सीब याच्या हुकमानं सुमारे दोनशे जहाजं तिथं नदीत आडवी बुडवण्यात आली, निदान रशियनांना रस्ता मिळू नये म्हणून. २०२२ च्या दुष्काळात पाणी उतरलं तेव्हा त्यांतल्या वीसहून अधिक जहाजांचे सांगाडे वर आले, आत दारूगोळा तसाच. १८० मीटरची नौकावाट तिथं १०० मीटरवर आली आणि ते साफ करायला २ कोटी ९० लाख युरो लागतील असा सर्बियन सरकारचा अंदाज होता. हुकूम द्यायला एक दिवस लागला असेल. त्याचं बिल अजून फिटलेलं नाही.

त्या ताफ्यातल्या सहा लहान पाणबुड्यांचा रेगेन्सबर्गशी गमतीदार संबंध आहे. कीलच्या या पाणबुड्या काळ्या समुद्रात न्यायच्या होत्या, पण बॉस्फरसची वाट तुर्कस्तानानं बंद ठेवलेली. मग त्यांचे बुरूज उतरवले, एल्बे नदीनं ड्रेस्डेनला आणल्या, तिथून आडव्या पाडून प्रचंड ट्रेलरवर इंगोलश्टाटला, आणि पुढे डॅन्यूबनं खाली. इंगोलश्टाटहून खाली जायचं म्हणजे वाटेत रेगेन्सबर्ग आणि बाराव्या शतकातला तो पूल आलाच. मिठाच्या बोटींनी जिथं श्वास रोखून धरला, तिथूनच समुद्री पाणबुड्याही गेल्या. त्यांच्यापैकी शेवटच्या तीन पाणबुड्या सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांच्याच माणसांनी तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत बुडवल्या.

पुलाचीही पाळी आली. २३ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य दाराशी आलेलं असताना माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं त्याच्या काही कमानी स्फोटानं उडवल्या. पूर, बर्फ, तोफा यांना पुरून उरलेला पूल आपल्याच माणसांच्या हातून मोडला. पूर्ण दुरुस्त व्हायला १९६७ उजाडलं. दरम्यान खांबांभोवतीची बेटंही कापून लहान केली गेली. आणि १९७० च्या दशकात मोठ्या बोटींसाठी पुलाला बगल देणारा कालवा आणि जलद्वार झालं. नदीतल्या अडथळ्यावरचा उपाय आठशे वर्षांनी सापडला: त्याच्या वाटेलाच जायचं नाही.

एर्चीच्या गाळातली ‘रुटहोफ’ मात्र तिथं राहिली नाही. समुद्रात बुडालेलं जहाज गेलंच. नदीत तसं नसतं. पाणी उथळ, काठ जवळ. युद्धानं हंगेरीच्या ताफ्याची धूळधाण झालेली, बोटी हव्या होत्या आणि पोलाद महाग होतं. १९५० च्या दशकात हंगेरियनांनी तिला वर काढलं, दुरुस्त केलं आणि बाया शहराजवळच्या एका नदीकाठच्या गावाचं नाव दिलं: ‘एर्शेकचनाद’. यात प्रेमाचा भाग नव्हता, हिशेब होता. पण त्या हिशेबापायी एका जर्मन कंपनीच्या बोटीनं समाजवादी हंगेरीच्या झेंड्याखाली आणखी वीसेक वर्षं पडाव ओढले. जिला बुडवायला विमानं आली होती ती बोट तिला बांधणाऱ्यांना आणि बुडवणाऱ्यांना, दोघांनाही पुरून उरली.

१९७० च्या दशकात डिझेलच्या टगबोटींनी तिला कामातून काढलं. भंगाराची वेळ जवळ आली होती. तेव्हा रेगेन्सबर्गमधल्या काही हौशी मंडळींनी मंडळ काढून ती मिळवली, डॅन्यूबनं वर आणली आणि १९८० च्या दशकात तिच्यातच संग्रहालय उघडलं. त्यांनी केलेली एक गोष्ट मला फार आवडते: जुनं नाव परत रंगवून हंगेरियन नाव पुसून टाकलं नाही. संग्रहालयाची बोट आज ‘रुटहोफ’ आणि ‘एर्शेकचनाद’ अशा दोन्ही नावांनी ओळखली जाते. लोखंडी पडदा, दोन देशांचे हिशेब यांच्या मधून आलेल्या बोटीला एकच नाव दिलं असतं तर अर्धं आयुष्य खोडल्यासारखं झालं असतं.

काठावरचे आरोपी मात्र अजून मोकळेच आहेत. २०१६ मध्ये एर्लांगनला, माईन-डॅन्यूब कालव्यावर, एक हॉटेलबोट पुलाखालून जाताना तिची सुकाणूखोली पुलाला धडकली आणि आतले दोन कर्मचारी मेले. २९ मे २०१९ च्या रात्री बुडापेस्टच्या मार्गारेट पुलाखाली, मुसळधार पावसात, एका मोठ्या हॉटेलबोटीनं ‘हाबलेआन्य’ या लहान प्रवासी बोटीला मागून धडक दिली. ती काही सेकंदांत गेली. आत ३३ कोरियन प्रवासी आणि दोन हंगेरियन कर्मचारी होते, सातजण वाचले. त्या रात्री पाऊस होता खरा, पण न्यायालयात पावसावर खटला चालला नाही. मोठ्या बोटीच्या कप्तानावर चालला आणि २०२३ मध्ये त्याला शिक्षा झाली. एकाच पुलाखाली चिंचोळ्या पाण्यात सहलीच्या छोट्या बोटी आणि तरंगती हॉटेलं एकत्र सोडायची परवानगी कोण देतं, हा प्रश्न त्या निकालानं संपत नाही.

रेगेन्सबर्गला गेलात तर वाटाडे तुम्हाला कॅथीड्रल, मिठाचं कोठार आणि पुलाजवळचं सॉसेजचं जुनं दुकान दाखवतील. ते पाहाच. पण संग्रहालयाची वेळ आधी विचारून घ्या आणि तासभर मार्क ऑरेल घाटावरही काढा. बोटीवर चढल्यावर वरच्या डेकवर रेंगाळू नका. थेट खाली, इंजिनघरात उतरा.